राठवा, वाल्मीकी, मुस्लिम घरातले पीएच.डी. स्कॉलर : बडोद्यातल्या नव्या गाईडच्या प्रश्नांना उत्तर

बडोद्यात नुकतीच गाईडशिप मिळालेल्या एका प्राध्यापक बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विषय रेणवीय जीवशास्त्र, हाताखाली तीन पीएच.डी. स्कॉलर. पहिला छोटा उदेपूरकडचा, राठवा या आदिवासी जमातीतला मुलगा, घरातला पहिला पदवीधर. दुसरी शहरातल्याच वाल्मीकी वस्तीतली (पिढ्यान्‌पिढ्या सफाईकामाला जुंपलेला समाज) मुलगी, अनुसूचित जातींसाठीची नॅशनल फेलोशिप मिळवून आलेली. तिसरी याकुतपुऱ्यातली मुस्लिम मुलगी. पीएच.डी.च्या मुलांसाठी गुजरात सरकारची जी 'शोध' ही विद्यावेतनाची योजना आहे, तिच्यातली तिची दोन वर्षं पूर्ण झाली आहेत आणि गेले तीन आठवडे ती लॅबमध्ये फिरकलेली नाही. बाई विचारतात : मी तिघांना इतरांसारखंच वागवते, ते पुरेसं नाही का? मुलगा लॅब मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, काय करू? वरिष्ठ म्हणतात, त्याला सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम द्या, त्याच्याच लोकांचा आजार आहे, देऊ का? आणि तिसरीच्या सहामाही अहवालावर 'असमाधानकारक' असा शेरा मारू का?

शेवटचं आधी घेते, कारण ते घाईचं आहे. शेरा मारू नका. आधी तिच्या पैशाचं काय झालंय ते विचारा. 'शोध' योजनेत महिना १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये वरखर्चाला मिळतात, पण फक्त दोन वर्षं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची किमान मुदतच तीन वर्षं आहे, आणि आपल्यासारख्या प्रयोगाच्या विषयात पाच वर्षं सहज लागतात. म्हणजे काम ऐन रंगात येतं तेव्हा खिसा रिकामा होतो. पूर्वी अल्पसंख्याक समाजातल्या मुलांना मौलाना आझाद फेलोशिपचा आधार होता. तीही २०२२ मध्ये केंद्राने बंद केली. तुमची मुलगी बहुधा घरी बसलेली नसेल, कुठेतरी शिकवण्या घेत असेल किंवा एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये संध्याकाळची पाळी करत असेल, आणि ते तुम्हाला सांगायची तिला लाज वाटत असेल. फोन करा, पण 'का येत नाहीस' असं विचारून सुरुवात करू नका. 'शोधचा शेवटचा हप्ता कधी आला?' असं विचारा. बाकीचं ती आपणहून सांगेल.

पुढचे मार्ग आहेत, पण ते शोधायचे तुम्ही. तिला एकटीला पोर्टलं धुंडाळत बसवू नका. तुमच्या किंवा विभागातल्या कुणाच्या प्रकल्पात प्रोजेक्ट फेलोची जागा रिकामी असेल तर तिथे रीतसर मुलाखत देऊ दे. सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या थेट एसआरएफसाठी (वरिष्ठ संशोधन फेलोशिपसाठी) दोन वर्षांचा संशोधनाचा अनुभव आणि छापून आलेला पेपर लागतो. अनुभव तिच्याकडे आहे, पेपरचं काय ते तुमच्या हातात आहे. वय २७ च्या पुढे असेल तर विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या 'वाइज-पीएचडी' या स्त्रियांसाठीच्या फेलोशिपची जाहिरात बघा. यातलं काहीच लगेच जमलं नाही तर निदान सहा महिने तिला अर्धवेळ काम करू द्या आणि त्या काळात जमेल असं काम द्या : आधीच जमलेल्या आकड्यांचं विश्लेषण, रिव्ह्यूचा मजकूर, आकृत्या. आरएसीपुढे (संशोधन सल्लागार समितीपुढे) लिहिताना खरं कारण लिहा : 'फेलोशिपची मुदत संपल्यामुळे प्रयोगाचा वेग कमी, लेखन सुरू.' हे वाक्य पुढच्या सहामाहीला तिच्या उपयोगी पडेल. 'असमाधानकारक' हा शेरा मात्र फाइलमध्ये कायमचा राहतो.

आता 'सारखं वागवणं'. त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय.

आपण बडोद्याची मराठी माणसं. गायकवाडांबरोबर आलो, कचेऱ्यांत बसलो, मग युनिव्हर्सिटीत. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात कुणाचे तरी काका रजिस्ट्रारच्या ऑफिसात असतात, आत्या शाळेत मुख्याध्यापिका असते. सिनॉप्सिसची तारीख पुढे ढकलून मागता येते, अनोळखी प्राध्यापकाला ईमेल लिहून अँटिबॉडीचा थोडासा नमुना मागता येतो, परीक्षकाला 'सर, मला प्रश्न कळला नाही' असं म्हणता येतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. जेवताना कानावर पडलं. राठवा मुलाच्या घरी यातलं एकही वाक्य कधी बोललं गेलेलं नाही. तुम्ही सगळ्यांना सारखं वागवता म्हणजे कुणालाच काही सांगत नाही. आणि न सांगता ज्यांना कळतं ते पुढे जातात. पीएच.डी.मध्ये ही मुलं बुद्धीत कमी पडून गळताना मी फारशी पाहिली नाहीत. ती गळतात पहिल्या दीड वर्षात, हप्ता न आल्याने, नियम माहीत नसल्याने आणि विचारायच्या भीतीने. तिन्हींवर इलाज आहे, पण तो तुमच्या त्या दिवशीच्या मूडवर अवलंबून असू नये. लिहून ठेवलेला असावा.

या शहराला तर हे फार आधी कळायला हवं होतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ही गोष्ट आपण भाषणात अभिमानाने सांगतो. पुढचा भाग सांगताना आवाज बसतो. १९१७ मध्ये ते करारानुसार इथे नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं आणि ते कमाटी बागेत जाऊन बसले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. शिष्यवृत्ती देणारा राजा होता, खोली देणारा घरमालक नव्हता. गाईड म्हणून हे सतत लक्षात ठेवा, कारण फेलोशिपचं पत्र आलं की आपलं काम संपलं असं आपल्याला वाटतं.

खोलीचा प्रश्न आजही तसाच आहे, फक्त काठी नसते. फतेगंज-सयाजीगंजच्या बाजूला एजंट आडनाव विचारतो, मग 'नॉन-व्हेज चालणार नाही' म्हणतो, मग फोन उचलत नाही. तुमच्या स्कॉलरला होस्टेल मिळालं नसेल तर एक फोन तुम्ही करा. प्राध्यापकाचा फोन गेला की घरमालकाचा सूर बदलतो. हे अन्यायाचं आहे, पण वापरा.

पैशाची व्यवस्था. अनुसूचित जातींसाठीच्या नॅशनल फेलोशिपमध्ये वर्षाला २,००० जागा असतात, जमातींसाठीच्या फेलोशिपमध्ये ७५०, ओबीसींसाठी १,०००. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचा (सुरुवातीच्या दोन वर्षांच्या कनिष्ठ फेलोशिपचा) दर महिना ३७,००० आणि एसआरएफचा ४२,००० आहे, घरभाडे वेगळं. कागदावर छान दिसतं. पण पहिला हप्ता यायला कित्येक महिने जाऊ शकतात, आणि नंतरही संस्थेने दर महिन्याला पोर्टलवर हजेरीची पुष्टी करावी लागते. ती भरणारा एक, मंजूर करणारा दुसरा. दोघांपैकी एक रजेवर गेला की त्या महिन्याचा पैसा अडला. म्हणून ज्या आठवड्यात पुष्टी भरायची असते त्या आठवड्यात तुम्ही स्वतः विभागाच्या क्लार्कला विचारा. मुलांनी खिडकीसमोर उभं राहायचं आणि क्लार्कने 'उद्या या' म्हणायचं, हा खेळ तुमच्या एका फोनने थांबतो. दोन वर्षांनी जेआरएफचं एसआरएफ होताना समितीची बैठक लागते, बाहेरचा तज्ज्ञ लागतो. ती तारीख आजच डायरीत टाका. आणि लॅबचा एक नियम भिंतीवर लावा : कुठलंही केमिकल, टिप्सचा डबा, सॅम्पलचं कुरियर, काहीही विद्यार्थ्याने स्वतःच्या पैशाने आणायचं नाही. कितीही घाई असो. सुखवस्तू घरातला मुलगा हजार रुपये टाकून मोकळा होतो. दुसऱ्याचा तो महिन्याचा किराणा असतो, आणि 'नाहीत' म्हणायची त्याला लाज वाटते.

तुमच्या दुसऱ्या विद्यार्थिनीबद्दल तुम्ही काहीच तक्रार लिहिली नाही, फक्त 'कामसू आहे, सगळं करते' असं लिहिलंय. तिथेच मला थांबावंसं वाटलं. सगळं म्हणजे काय काय? एक आठवडा नुसतं बघा. सिंकमधली काचसामानाची रास कोण धुतं? ऑटोक्लेव्हचं पाणी कोण बदलतं? उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा काढायला कोण जातं? कुणी तिला सांगितलं नसेल. सगळे आपापल्या कामात असतात आणि ती उठते. वाल्मीकी घरातली मुलगी लॅबची सफाई करते आहे आणि कुणाला त्यात काही खटकत नाही, हे दृश्य मी एकाहून जास्त लॅबमध्ये पाहिलंय. इलाज सोपा आहे : आठवड्याची पाळी, नावानिशी, फ्रिजच्या दारावर, आणि त्या यादीत पोस्टडॉकचं (पीएच.डी. झालेल्या संशोधकाचं) नाव असलं पाहिजे, तुमचंही. डबे कुठे बसून खाल्ले जातात तेही बघा. मायक्रोवेव्ह 'शुद्ध शाकाहारी' आहे अशी चिठ्ठी लागली असेल तर ती काढा आणि त्यावर चर्चा घेऊ नका.

'कोट्यातली' हा शब्द तुमच्या समोर कुणी काढला तर त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, शांतपणे अडवा. नंतर केबिनमध्ये बोलावून समजावण्याचा उपयोग नाही, कारण जिला तो शब्द लागला ती केबिनमध्ये नसते. एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला, २०१२ मध्ये यूजीसीने समतेचे नियम काढले आणि प्रत्येक संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. तुमच्या संस्थेत तो कोण आहे, हे पहिल्या दिवशीच्या कागदात नावासकट लिहा. पुढे काही घडलं तर मुलीला तारीख, वेळ, कोण हजर होतं एवढं वहीत टिपायला सांगा. तक्रार करायची की नाही हे मात्र तिने ठरवायचं. तुमचा संताप तिच्या खांद्यावर ठेवू नका. निकाल लागेपर्यंत त्याच कॉरिडॉरमधून रोज जायचं असतं ते तिला.

आता तुमचा राठवा मुलगा आणि त्याचं मौन. मीटिंगमध्ये तो गप्प असतो याची कारणं दोन असू शकतात आणि दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. एक, हाताला खात्री नाही. दोन, बोलण्याची पद्धत माहीत नाही.

हाताचं आधी. तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करताना त्याने वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं प्रथिन ओळखायची चाचणी) पाहिला असेल, केला नसेल. बॅचमागे एक जेल, सर करतात, बाकीचे बघतात. असा मुलगा तुमच्या लॅबमध्ये आला की पहिल्या आठवड्यात त्याला कुणीतरी सेल कल्चरच्या हूडसमोर (पेशी वाढवायच्या कामाच्या निर्जंतुक कपाटासमोर) बसवतं. फ्लास्कमध्ये बुरशी येते, महागडं सीरम वाया जातं, आणि सिनियर जे बोलतो ते तो दोन वर्षं विसरत नाही. त्यानंतर कुठलीच बाटली तो विचारल्याशिवाय उघडत नाही, आणि विचारत तर मुळीच नाही.

म्हणून पहिले तीन महिने मी ठरलेला क्रम ठेवते, आणि तो सगळ्यांना, फर्स्ट क्लासवाल्या शहरी मुलांनाही. सुरुवात पिपेटपासून. वजनकाट्यावर छोटी नळी ठेवायची आणि पाणी सोडायचं. १००० मायक्रोलिटर पाणी साधारण एक ग्रॅम भरलं पाहिजे, १०० मायक्रोलिटर ०.१ ग्रॅम. दहा वेळा करायचं, सरासरी आणि विचलन काढायचं. अर्ध्या दिवसात मुलाला कळतं की चूक हाताची आहे की पिपेटची. मग द्रावणं : मोलॅरिटी, स्टॉकपासून वर्किंग, पीएच. हे गणित सगळे चुकतात, फक्त काही जण आत्मविश्वासाने चुकतात. मग प्रथिन मोजायची ब्रॅडफर्ड चाचणी, बीएसए या ठरावीक प्रथिनाचा प्रमाण आलेख सरळ रेषेत येईपर्यंत. मग ई. कोलायचा वाढीचा आलेख, रात्री उशिरापर्यंत दर अर्ध्या तासाला रीडिंग घेऊन. हे शेवटचं काम मला फार आवडतं, कारण ते जवळजवळ हमखास यशस्वी होतं, आलेख पुस्तकातल्यासारखा येतो आणि तो त्या मुलाने एकट्याने काढलेला असतो. त्यानंतरच त्याला खऱ्या समस्येवर घ्या. आधी यश हाताशी असलं की नंतरचं अपयश तो प्रयोगाचं समजतो, स्वतःचं नाही.

आणि अपयशाचं गणित उघड सांगा. सिनियर मुलांच्या जुन्या वह्या दाखवा, कोरे ब्लॉट, काळे ब्लॉट, 'पुन्हा' लिहिलेली पानं. सेमिनारमध्ये फक्त सुंदर आकृत्या दिसतात. पहिल्या पिढीच्या मुलाला वाटतं की बाकीच्यांचं सगळं पहिल्या फटक्यात येतं आणि फक्त आपलंच बिघडतं.

बोलण्याचं दुसरं. लॅब मीटिंगमध्ये बोलण्याचा क्रम उलटा करा : सगळ्यात ज्युनियर आधी, पोस्टडॉक शेवटी. आदल्या दिवशी प्रत्येकाने एक लेखी प्रश्न चिठ्ठीवर द्यायचा, मीटिंग तिथून सुरू करायची. भाषा कुठलीही चालेल हे तुम्ही तोंडाने म्हणून भागत नाही. तुम्ही स्वतः गुजरातीत प्रश्न विचारा, मग तो गुजरातीत उत्तर देईल. त्याचं पहिलं सादरीकरण निष्कर्षांचं न ठेवता पद्धतीचं ठेवा : 'हा बफर असाच का?' त्यात तो तज्ज्ञ असतो. इंग्रजी ही वेगळी कसरत आहे, ती वेगळी करा. त्याला 'इंट्रोडक्शन लिहून आण' म्हणू नका. आकृतीखालची ओळ लिहायला सांगा, रोज एक. मग पद्धतींचा भाग, मग निष्कर्ष. मसुदा आला की लाल पेनाने अख्खा बदलून परत देऊ नका; दोन परिच्छेद शेजारी बसवून दुरुस्त करा, बाकीचे त्याला करू द्या. वेळ लागतो. पण थिसिस त्याच्या आवाजात उभा राहतो आणि व्हायवाला तो अडखळत नाही.

सिकल सेल. हा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरं झालं, कारण बहुतेक जण विचारतही नाहीत.

विषय मोठा आहे यात शंका नाही. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, जीएजीचं जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. गुजरातच्या पूर्व पट्ट्यातल्या आदिवासी समाजात हा दोष बराच आढळतो. केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली, उद्दिष्ट २०४७. म्हणजे पैसा आहे, निकड आहे, शहरापासून रेल्वेने जाता येईल एवढ्या अंतरावर रुग्ण आहेत. त्याने स्वतः हा विषय मागितला तर आनंदाने द्या.

पण 'त्याच्याच लोकांचा आजार' हे कारण ऐकलं की मला वरिष्ठांना एकच विचारावंसं वाटतं : तुमच्या मराठी विद्यार्थ्याला तुम्ही चित्पावनांच्या आजारावर काम करायला सांगितलं होतं का? प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहिलंय. असा मुलगा लॅबचा नमुने आणणारा होतो. भाषा येते, गावात ओळख आहे, म्हणून रक्ताच्या नळ्या तो आणतो. सिक्वेन्सिंग दुसरा करतो, विश्लेषण तिसरा, आणि पेपरवर याचं नाव मधे कुठेतरी. तीन वर्षांनी त्याच्या हाताला एकही तंत्र नसतं.

अमेरिकेत याच प्रश्नाचा हिशेब मांडला गेलाय. २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की शिक्षण, प्रकाशनं, संस्था वगैरे सगळं जमेस धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं अनुदान मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा दहा टक्के-बिंदूंनी कमी होतं. २०१९ मध्ये एनआयएचच्याच लोकांनी पुढचं शोधलं : त्या दरीचा पाचव्या भागाहून थोडा जास्त वाटा विषयाच्या निवडीचा होता. कृष्णवर्णीय अर्जदार समाजाच्या आरोग्याशी, लोकसमूहांशी जोडलेले विषय जास्त निवडत आणि त्या विषयांना एकूणच अनुदान कमी मिळे. यातून 'आपल्या लोकांवर काम करू नका' असा अर्थ काढायचा नाही. निवड त्याची असावी आणि त्या निवडीची किंमत त्याला आधी माहीत असावी, एवढंच.

तेव्हा त्याच्यापुढे तीन विषय ठेवा, सिकल सेल त्यातला एक. महिनाभर वाचू द्या. सिकल सेल निवडलाच तर दोन अटी तुम्ही घाला. प्रयोगशाळेतलं मुख्य तंत्र, जनुकाचं असो की प्रथिनाचं, त्याच्याच हातात. नमुने गोळा करायला प्रकल्पातून वेगळा माणूस. आणि संमतीचं काम नीट. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आदिवासी समूहांना विशेष संरक्षण आहे; गावच्या प्रमुखाशी बोलणं वेगळं आणि प्रत्येक माणसाची स्वतंत्र संमती वेगळी. संमतीपत्र राठवी बोलीत समजावलं गेलं पाहिजे, नुसतं गुजरातीत वाचून दाखवून चालणार नाही. तो मुलगा हे उत्तम करेल, पण त्याच वेळी तो कुणाचा तरी भाचा असतो. तो म्हणाला म्हणून लोक हो म्हणतील. तेव्हा संमती घेताना खोलीत दुसरं कुणीतरी हवं. एथिक्स कमिटीची मंजुरी यायला महिने लागतात, त्याची फेलोशिपची घड्याळं तोवर चालूच असतात. म्हणून अर्ज पहिल्या सहा महिन्यांत.

थिसिस दुपदरी आखा, सगळ्यांसाठीच. एक प्रकरण असं की जे काहीही झालं तरी लिहून होईल, दुसरं धाडसाचं. मुदत कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्याहून दोन वर्षांची सवलत. बाळंतपण व संगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे. हे मुलींना लग्न ठरल्यावर कुणाकडून तरी कळतं. तुम्ही पहिल्या वर्षी सांगा, आणि 'लग्नाचा काय विचार' असं न विचारता सांगा.

गट करण्याबद्दल दोन शब्द. अमेरिकेत मेरिलँडच्या बाल्टिमोर काउंटीतल्या विद्यापीठात १९८८ मध्ये मेयरहॉफ कार्यक्रम सुरू झाला. सुरुवात कृष्णवर्णीय मुलांपासून, १९९६ पासून सगळ्यांना खुला. प्रवेशाआधीचा उन्हाळी वर्ग, एकत्र अभ्यास, लवकर प्रयोगशाळा, आणि अडचण आली की एकट्याने कुढायचं नाही हा दंडक. ज्यांना प्रवेश मिळाला पण जे दुसरीकडे गेले, त्यांच्याशी तुलना केली तर या कार्यक्रमातली मुलं विज्ञानाच्या पीएच.डी.पर्यंत पोचण्याचं प्रमाण सुमारे पाचपट निघालं. कोविड लशीच्या कामातल्या किझमेकिया कॉर्बेट तिथल्याच. एवढा पैसा आपल्याकडे नाही. पण विभागातल्या चार लॅबमधली पहिल्या पिढीची मुलं आठवड्यातून एकदा कँटीनमध्ये एकत्र बसली, एकाने आपला मसुदा वाचला, दुसऱ्याने पोर्टलची भानगड सांगितली, तर त्याला खर्च चहाचा. तुम्ही तिथे बसू नका. गाईड आला की मुलं सरळ बसतात.

आणि तुमच्याशिवाय प्रत्येकाला दुसरा एक वडीलधारा हवा, शक्यतो दुसऱ्या विभागातला. तुमच्यावर रागावल्यावर त्यांनी जायचं कुठे? तुम्ही सहायक प्राध्यापक असाल तर चार स्कॉलरची मर्यादा आहे, तीन झालेत. चौथा घेण्याची घाई करू नका. कुणी 'चार पुरे करा, एपीआयला (बढतीच्या गुणांना) बरं' म्हणेल. सोडून द्या.

राहिलं नोकरीचं. घरचे विचारतात, 'अजून किती शिकणार?' त्याला उत्तर हवं. बडोद्यात औषध कंपन्या आहेत; अलेम्बिक १९०७ पासून इथे आहे, आणि तिच्या संस्थापकांत कोटीभास्कर हे नाव होतं, हे आपल्या मराठी मंडळींनाही आता माहीत नसतं. चौथ्या वर्षी मुलांना तिथल्या क्वालिटी कंट्रोल आणि संशोधन विभागातल्या लोकांशी भेटवा. कंपनीत जाणं म्हणजे विज्ञान सोडणं, असा आपल्या विद्यापीठी लोकांचा एक पोकळ तोरा असतो. महिन्याचा पगार वेळेवर येण्याचं मोल ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे तो दाखवू नका.

शिफारसपत्र लिहाल तेव्हा एक बघा. अशा मुलांच्या पत्रांत आपण लिहितो : मेहनती, नम्र, वेळेवर येतो, सगळ्यांना मदत करतो. शहरी मुलाच्या पत्रात लिहितो : स्वतंत्र विचार करतो, अमुक समस्या त्याने अशी सोडवली. निवड समितीला दुसरं पत्र हवं असतं. म्हणून आजपासून प्रत्येक स्कॉलरच्या नावाचं एक पान तुमच्या वहीत ठेवा आणि त्याने किंवा तिने स्वतःच्या डोक्याने काही केलं की तारीख घालून दोन ओळी लिहा. पिपेट कॅलिब्रेशनमधली चूक कुणी पकडली, कंट्रोल घ्यायचा राहिलाय हे आधी कुणाच्या लक्षात आलं. चार वर्षांनी पत्र लिहायला बसाल तेव्हा ते पान उघडा.